ज्वारी राखणारे बॅक

दिग्रसचं जिनिंग बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण त्या आवारात पाय ठेवला की माझ्या नाकात अजून सरकीचा वास भरतो. तेलकट, उबट, थोडा गोडसर. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे केव्हाच भंगारात गेले, शेडवरचे पत्रे उडाले. पुढचं मैदान तेवढं उरलं, आणि त्याच मैदानात परवा माझ्या दादाचा सत्कार होता.

मांडव होता, खुर्च्या होत्या, आणि फाटकावर दादाचा भला मोठा फोटो. खाली लिहिलेलं, ‘फुटबॉल महर्षी’. माझा दादा महर्षी! मला हसू आलं आणि छाती भरूनही आली. सख्खा भाऊ आहे शेवटी. जिनिंगमध्ये नोकरी करायचा आणि सुटी झाली की याच मैदानात गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवायचा. त्याच्या हाताखालची पोरं पुढं कुठं कुठं खेळून आली. ती सगळी आता म्हातारी झालेली, कोणी काठी टेकत, कोणी नातवाच्या गाडीवर मागं बसून आलेली. मी पहिल्या रांगेत बायकांच्या बाजूला बसले होते.

दादा बोलायला उठला. आवाज अजून खणखणीत आहे त्याचा.

“तवा आपल्याजवळ काय व्हतं? ना बूट, ना कोच. अन् हिवाळ्यात त ह्या मैदानात कापसाच्या बैलबंड्या उभ्या राहत. खेळाले जागाच नाई. मंग माह्या डोक्यात आलं. मी बॅकच्या पोरायले आमच्या वावरात नेलं अन् जवारीच्या राखणीले बसोलं. पाखरू कुठं बसन हे ज्याले समजलं, त्याले पास कुठं पडन हे बी समजलं!”

टाळ्या वाजल्या. सूत्रसंचालन करणारी पोरगी म्हणाली, “सर, घरच्यांची साथ होती का?”

“होती ना. ते पाहा, माही बहीण बसली हाय समोर. ती आमाले भाकर आणून दे.”

सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा थोड्या टाळ्या झाल्या. काय करणार, माझे हात आपोआप जोडले गेले. टाळ्या विरल्यावर माझ्या मागच्या रांगेतून हलकेच आवाज आला.

“बाई, भाकर?”

रशीद होता, दादाच्या जुन्या बॅकपैकी एक. मी मागं वळून पाहिलं नाही. पुढचं भाषण मला ऐकूच आलं नाही. मी वावरात जाऊन पोचले होते.

आमचं वावर दिग्रसपासून सायकलनं येता येईल एवढ्या अंतरावर. चार बल्ल्यांवर कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या आडव्या टाकून बाबांनी माळा बांधलेला असे. त्यावर कडब्याची गादी. ज्वारीच्या कणसात दूध भरलं की मी त्या माळ्यावर चढायची ते खळं होईपर्यंत. शाळा चौथीनंतर सुटली होती, पुढचं लिहिणं-वाचणं मी कणाकणानं, पुड्यांच्या कागदांवरून शिकले. सकाळी दवानं भिजलेली गोफण हातात घेतली की अंबाडीच्या दोरीचा ओला वास तळव्याला लागे. दिवसभर जात नसे. भाकरीलाही तोच वास. खाली तुरीच्या तासांत, म्हणजे ओळींत, पिवळी फुलं, आणि वारा आला की ज्वारीच्या पानांचा असा सळसळ आवाज, जणू कोणी नवं कोरं पातळ उलगडून राहिलंय.

आणि पाखरं. चिमण्यांचे थवे, मैना, राघू. राघू तर असे लबाड, की खाण्यापेक्षा नासधूस जास्त. माळ्यावरून उतरून त्यांच्यामागं धावून काही होत नाही, हे पहिल्याच वर्षी समजलं. तुम्ही पोचेपर्यंत ते दुसऱ्या कोपऱ्यात. पाखरू आहे तिथं ढेकूळ मारायचंच नाही. ते बसणार तिथं आधीच मारायचं. आणि ते कुठं बसणार हे पाखरूच सांगतं. थव्यातली पुढची चार-दोन आधी अंग टाकतात, एका बाजूला किंचित कलतात. बाकीची मागून येतात. त्या कलण्यावर डोळा ठेवला की झालं. हे मला कोणी शिकवलं नाही. शिकले, कारण कणसं रिकामी झाली की बाबा बोलत नसत, नुसते कणीस हातात धरून उभे राहत.

असाच एक हिवाळा होता. मैदानात कापसाच्या बंड्या लागल्या म्हणून दादा आपल्या बॅकच्या पोरांना हुरडा खायला वावरात घेऊन आला. बॅक म्हणजे आपल्या गोलाच्या पुढं उभे राहून समोरच्यांना अडवणारे. त्यांतला रशीद हा गॅरेजवाल्यांचा पोरगा. हातांना ग्रीस आणि रॉकेलचा वास, किती धुतले तरी. कुठलासा सामना ते हरून आले होते आणि तो वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसून हुरडा कमी आणि राग जास्त चावत होता.

“फॉरवर्ड इकडं पाहते अन् तिकडं पास देते, भाई. आदमी कू देखूं का गेंद कू देखूं?”

दादा म्हणाला, “चेंडूवर नजर ठेव.”

“ठेवतो ना! मी जाईपर्यंत गेंद पार जाते.”

मी माळ्यावरून म्हटलं, “पाखरं हाकलले का गा कधी?”

पोरं हसली. रशीद म्हणाला, “बाई, फुटबाल की बात चालू हाय.”

“तेच सांगून राह्यली. तो बाभळीवरचा थवा उठला पाय. कुठं बसन?”

त्यानं थवा चालला होता ती दिशा दाखवली. मी म्हटलं, नाही, मधल्या तासात. आणि थवा वळून मधल्या तासात बसला. पुन्हा उठवला. पुन्हा तो चुकला. तिसऱ्यांदा तो हसला नाही. हुरडा खाली ठेवून माळ्याखाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सिखा दे ना, बाई.”

अशी ती राखण सुरू झाली.

किती गोड दिवस होते ते! सकाळी धुकं असतानाच सायकलींच्या घंट्या वाजत. पोरं चपला धुऱ्यावर काढून ठेवत आणि अनवाणी उभी राहत. मी त्यांना आधी धावूच देत नसे. नुसतं पाहा म्हणायची. मग धुऱ्यावरून उलटं चालायला लावायची, तोंड पाखरांकडे, पाठ वाटेकडे. मागं वळून पाहिलं की वरून ढेकूळ पडे. “पायानं चाचपून चाल. पायावर पाय टाकू नको, गुतशील.” धुरा अरुंद, एका बाजूला ज्वारी, दुसरीकडे नाली. किती जण नालीत पडले म्हणून सांगू! एकदा दादाच पडला. सगळी पोरं तोंड दाबून उभी, आणि दादा चिखलातून म्हणतो, “हासा बे, हासा. पोट फुटन.”

मग मी गोफण घ्यायची. ती डोक्यावर गरगर फिरवत पाहायची बोरीकडे आणि ढेकूळ सोडायची बाभळीकडे. ते सुटायच्या आत त्यांनी दिशा ओरडून सांगायची आणि तिकडे धावायचं. आठवडाभर सगळे बोरीकडेच धावले.

“तोंडाकडं कायले पाह्यता? तोंड खोटं बोलते. खांद्याकडं पाहा, कंबरेकडं पाहा.”

रशीद म्हणाला, “बाई, तू बहुत झूठी है.”

“फॉरवर्ड काय तुह्या मायचं लेकरू हाय का, खरं सांगाले?”

एक घोटाळा मात्र आमच्याच राखणीनं केला. हिवाळा सरला, मैदान मोकळं झालं, आणि पोरं पुसदला सामना खेळायला गेली. रशीदनं पास ओळखला, बरोबर जागी जाऊन पोचला, आणि चेंडू अंगावर येताच दोन्ही हात वर करून ओरडला, “हाऽऽ हुर्रऽऽ!” चेंडू हाताला लागला. पंचानं शिट्टी फुंकली. समोरच्यांना पेनल्टी मिळाली, आणि पाहणारे लोक हसून हसून लोळले. पाखरं हाकलायची सवय! परत आल्यावर रशीदनं हे सगळं मला अभिनय करून दाखवलं, माळ्याखाली, हात वर करून. मी इतकी हसले की गोफण हातातून पडली. पुढच्या हिवाळ्यात मी पोरांचे हात त्यांच्याच दुपट्ट्यांनी मागं बांधले. हात बांधलेले चार-पाच उंच पोरगे धुऱ्यावरून उलटे चाललेत आणि तोंडानं नुसतं पुटपुटतात, “डावीकडं... उजवीकडं...” रस्त्यानं जाणारे बंडीवाले बैल थांबवून पाहत.

मी स्वतः मात्र एकही सामना पाहिला नव्हता. पोरी मैदानाकडे जात नसत. मला गोल कसा दिसतो ते ठाऊक नव्हतं, जाळी काय रंगाची असते ते ठाऊक नव्हतं. पोरं सांगत तेवढंच.

म्हणून दादा एके दिवशी माळ्याखाली उभा राहून जे बोलला, ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

“बाई, पोरीयची टीम काढून राह्यलो. यवतमायले सामने हायेत. शाळेबाहेरच्या पोरी बी चालते. पहिली बॅक तू.”

“बाबा?”

“बाबाले मी सांगतो.”

त्या दिवसापासून मी पोरं यायच्या आधी उठायची. जे दुसऱ्यांना शिकवलं ते माझ्या अंगात कुठं होतं? मीही धुऱ्यावरून उलटी चालले, मीही नालीत पडले. दवानं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजे, तुरीची फुलं पोटऱ्यांना चिकटत. पाखरू कललं की माझे पाय आपोआप निघायला लागले, तेव्हा मला वाटलं, माझ्या अंगाला काहीतरी नवीन फुटलंय. दादानं त्याचे जुने कॅनव्हासचे बूट दिले. मोठे होत होते, मी पुढं कापूस कोंबला. रोज झोपताना ते उशाशी ठेवायची. आई म्हणे, “पायातलं डोक्याशी ठेवतं का कोनी, येडे?”

“उद्या दुपारच्या गाडीनं जाचं हाय,” दादा म्हणाला. “घाई करू नको. आरामात जेवून ये ष्टँडवर.”

मी जेवले कुठली! वेण्या घट्ट घातल्या, थैलीत एक पोलकं, बूट आणि आईनं दिलेले मुरमुऱ्याचे लाडू. दिग्रसच्या ष्टँडवर एक म्हातारी जाम, म्हणजे पेरू, विकत बसे, मीठ-तिखट लावून. तिच्या बाजूला जाऊन बसले. पुसदची गाडी गेली. दारव्ह्याची गेली. यवतमाळची दुपारची गाडी लागली, भरली आणि निघाली. आमची एकही पोरगी दिसली नाही.

म्हातारी म्हणाली, “कोनाची वाट पाहून राह्यली वं?”

“आमची टीम हाय. फुटबालची.”

“त्या पोरी? त्या त सकायीच गेल्या. लय हासून राह्यल्या व्हत्या. माह्याकडून जाम बी नेले.”

“नाई, त्या दुसऱ्या असन.”

“दुसऱ्या कोन्या पोरी फुटबाल घेऊन जाते वं माय?”

ती खरंच विचारत होती, टोमणा नव्हता. मग माझ्याकडे पाहून तिनं एक जाम चिरला, मीठ लावलं आणि माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. मिठाची एवढी चव मला पुन्हा कधी लागली नाही. ऊन उतरेपर्यंत बसले आणि घरी आले. माळ्यावर बाबा होते. मी म्हटलं, “उतरा, मी हाय आता.”

दादा परत आला तेव्हा त्याचा चेहरा उन्हानं काळवंडला होता.

“ऐन टायमाले गाडी बदलली, बाई. तुले निरोप धाडला व्हता. भेटला नाई का?”

“नाई भेटला.”

“पाय बरं कसे लोक असते.”

आणि त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात ऊबदार होता. मी विश्वास ठेवला. विश्वासच ठेवायचा होता मला. त्यापुढचे हिवाळेही मी त्याच्या बॅकना शिकवलं, तशीच, हसत, ढेकळं मारत. नवी पोरं आली, रशीद त्यांना दरडावून सांगे, “बाई बोलली तसं कर.” मग माझं लग्न झालं, घाटंजीकडे गेले, आणि माळा सुटला.

पुढं बऱ्याच वर्षांनी एका लग्नात जिलबी वाढणारी एक बाई माझ्यापाशी थांबली. सुमन नाव तिचं. त्या टीममध्ये ती होती. माझं लेकरू मांडीवर झोपलेलं.

“तुमाले तवा लय ताप व्हता ना? मले तुमच्या जागी उभं केलं. मले कुठं येते? पायात पाय गुतून मी दोनदा आपटली!” ती हसत होती.

मी म्हटलं, “तापाचं कोणं सांगतलं?”

“तुमच्या दादानंच. आदल्या दिवशी. म्हणे, बाई येत नाई, तिले ताप हाय.”

आदल्या दिवशी. म्हणजे मी बुटातला कापूस काढून नवा कोंबत होते तेव्हा. आई मुरमुरे भाजत होती तेव्हा. जिलबी पानात पडली, पाक पसरला, मी तो पसरताना पाहत राहिले.

दादाला विचारलं नाही. दर भाऊबीजेला पाटावर बसवला, ओवाळलं, त्याच्या कपाळावर टिळा लावताना माझं बोट एक क्षण थांबायचं, आणि मग लावून टाकायची. तो ओवाळणी टाकायचा, विनोद करायचा, मी हसायची. असं करत म्हातारी झाले. धनी गेले, लेकानं दिग्रसला घर बांधलं, मी इथं आले. वावरात आता सगळं सोयाबीन. हिवाळ्यात ज्वारी कोणी पेरत नाही, पेरली तर रानडुकरं ठेवत नाहीत. धुऱ्याभोवती झटका मशीनच्या विजेच्या तारा. माळा नाही, गोफण वळणारं कोणी नाही. मागं एकदा गेले होते, तर पाखरंही दिसली नाहीत फारशी. नुसता फवारणीचा वास, घसा धरणारा.

पण हे सगळं मी सोसलं होतं हो. एक मनाशी धरून होते. गाडी चुकवली ती चुकवली, निदान शिकवलं कोणी हे तरी दादा विसरणार नाही. सत्काराला मी त्यासाठीच गेले होते, आता कबूल करायला काय हरकत. एक वाक्य ऐकायचं होतं, माझ्या बहिणीनं शिकवलं, एवढंच. त्या जागी भाकर आली.

कार्यक्रम संपल्यावर रशीद काठी टेकत आला. “बाई, मी उठून सांगनार व्हतो. कसम से. पर भाई के सामने कैसे बोलूं?”

“टाळ्या त तू बी वाजवल्या.”

त्यानं मान खाली घातली. “वाजल्या हातानं,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा नेहमीसारखा चहाला आला. जवळच राहतो, रोज येतो. ओट्यावर बसला, बशीत चहा ओतला.

“कसं झालं माहं भाषण?”

मी म्हटलं, “दादा, तू मले दुपारची गाडी काहून सांगतली व्हती?”

कोणती गाडी, असं त्यानं विचारलं नाही. इतक्या वर्षांनी मी विचारलं, तरी एका शब्दानं विचारलं नाही. बशीवर फुंकर मारत राहिला. चहा निवून गेला तरी फुंकतच होता.

“तू गेली असती,” तो म्हणाला, “त ह्या पोरायले कोणं शिकवलं असतं?”

मी किटली खाली ठेवली.

“एकदा मैदान पाहून आली असती त तू पुन्हा माळ्यावर चढली असती का वं? माह्या बॅकले दुसरं कोणाकडून येत व्हतं? मले त येतच नव्हतं.”

जे ऐकायला मी मांडवात पहिल्या रांगेत बसले होते, ते त्यानं असं माझ्या ओट्यावर सांगून टाकलं. काहीच न लपवता. आणि सांगितलं तेही माझी गाडी चुकवल्याचं कारण म्हणून! माझ्या अंगातून ऊब निघून गेल्यासारखं झालं.

“हे काल काहून नाई म्हणला?”

“लोकायसमोर?” त्याला खरंच नवल वाटलं. “ते मले महर्षी म्हणून राह्यले अन् मी त्याईले सांगू का, हे माह्या बहिणीचं हाय म्हणून? आता ह्या वयात? तुले समजते ना, बाई.”

“समजते,” मी म्हटलं. “लय वर्सं समजूनच घेतलं. पण माह्या एकटीसमोर म्हणून आता भागत नाई, दादा.”

त्यानं बशी खाली ठेवली. ऊन ओट्याच्या पायरीवर आलं, मग त्याच्या पायांवर आलं. तो उठत नव्हता, आणि बस म्हणायला माझी जीभ वळत नव्हती.